बी-४०२ च्या गाडीचा एसी (सोसायटीच्या ग्रुपवर)

*बी-४०२, सकाळी ९:१०*
नमस्कार. गाडीच्या एसीचं खात्रीचं काम करणारा कुणी माहीत आहे का? तिसऱ्यांदा बोंब झालीय. मार्चमध्ये गॅस भरला, एप्रिलमध्ये परत भरला, दोन्ही वेळा २,२०० रुपये गेले. काल बाबांना डायलिसिसहून आणताना स्वारगेटच्या सिग्नलला गाडीत भट्टी पेटल्यासारखं झालं. त्यांना चक्कर आली. उद्या सकाळी परत न्यायचंय.

*बी-५०१, ९:१४*
गॅस संपला असेल. भरून घ्या.

*बी-४०२, ९:१५*
दोनदा भरलाय हो. वरच लिहिलंय.

*सी-२०३, ९:१७*
खिडक्या उघडा ताई, आमच्या लहानपणी तोच एसी होता 😀

*बी-४०२, ९:१८*
दादा, ७४ वर्षांचा माणूस चार तास मशीनवर राहून येतो. आज चेष्टा नको.

*सी-२०३, ९:१९*
सॉरी ताई. उद्या माझी गाडी घेऊन जा, चावी वॉचमनकडे ठेवतो.

*ए-१०१ नाना, ९:२१*
सर्वांना नम्र विनंती. एसीसाठी इंजिन चालू ठेवून गाड्या पार्किंगमध्ये उभ्या करू नयेत. धूर थेट माझ्या बेडरूममध्ये येतो. मीटिंगमध्ये ठरलेलं आहे.

*सी-१०३, ९:२२*
देवगड हापूसच्या पेट्या आल्यात. कुणाला हव्यात?

*सेक्रेटरी, ९:२३*
आंब्याचं कृपया खरेदी-विक्री ग्रुपवर 🙏

*ए-३०४ काका, ९:३०*
अगं, आत्ताच वाचलं. आधी तीन गोष्टी सांग. ब्लोअरचा वारा जोरात येतो का? एसीचं बटण दाबल्यावर बॉनेटमधून ‘टक’ असा आवाज येतो का? आणि गाडी पळत असताना गार होते की तेव्हाही नाही?

*बी-४०२, ९:३४*
वारा जोरात येतो काका, पण गरम. टक आवाज येतो, मग थोड्या वेळाने परत टक होऊन बंद. मागच्या रविवारी सासवडला गेलो तेव्हा हडपसर सोडल्यावर मस्त गार होती. दिवे घाटात ट्रकमागे रांगेत अडकलो आणि परत गरम.

*ए-३०४ काका, ९:३८*
घाटाचं सांगितलंस ते बरं झालं. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सरच्या, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीवर बसतो आणि गॅसची उष्णता बाहेर जाते. रांगेत वारा नाही, तिथे सगळा भार पंख्यावर. पंखा फिरला नाही तर प्रेशर चढत जातं, मग प्रेशर स्विच कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, बंद करतो. तोच तुझा दुसरा ‘टक’. माझा संशय पंख्यावर आहे.

*बी-५०१, ९:४१*
काका, आदर आहे, पण गॅस कमी असला तरीही कॉम्प्रेसर बंद होतो. माझ्या गाडीला गॅस भरूनच फरक पडला होता.

*ए-३०४ काका, ९:४६*
होतो, बरोबर आहे. पण कॉम्प्रेसर बंद होण्याइतका गॅस कमी असता तर मोकळ्या रस्त्याला ‘मस्त गार’ झाली नसती. आणि तुमच्या गाडीला जाळीवर दगड लागून तेलाचा डाग आला होता, मीच दाखवला होता. ती गळती होती. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला तर कुठून तरी गेलाय. गळती न शोधता भरायचा म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतायचं. दापोडीच्या एसटी वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, तिथे कारण सापडल्याशिवाय पाना उचलू देत नसत.

*बी-५०१, ९:४७*
बरं. आम्हालाही गाड्यांचं थोडं कळतं, एवढंच म्हणायचं होतं.

*ए-१०१ नाना, ९:५५*
पुन्हा विनंती. इंजिन चालू ठेवून गाड्या उभ्या करू नयेत. धूर थेट माझ्या बेडरूममध्ये येतो.

*ए-३०४ काका, ९:५७*
नाना, इंजिन चालू केल्याशिवाय तपासता येत नाही. गाडी गेटबाहेर वडाखाली नेतोय. चावी घेऊन खाली ये गं, आणि पाण्याची बाटली आण.

*ए-३०४ काका, १०:४०*
सापडलं. एसी लावला, कॉम्प्रेसर लागला, पण कंडेन्सरचा पंखा ढिम्म. जाळीवर बाटलीभर पाणी मारलं तर दोन मिनिटांत आत गार वारा! म्हणजे गॅस आहे, कॉम्प्रेसर ठीक आहे, उष्णताच बाहेर पडत नव्हती. फ्यूज शाबूत. मग पंख्याचं कनेक्शन काढून थेट बॅटरीचे १२ व्होल्ट दिले, गरकन फिरला. या गाडीला दोन पंखे आहेत. रेडिएटरचा चालतोय, म्हणून इंजिनच्या तापमानाचा काटा कधी वर गेला नाही. बंपरमागची वायर उंदरांनी कुरतडलीय, शेजारी शिळ्या भाताची शितं पडलीत.

*बी-२०५, १०:४३*
शिळा भात! कुठून आला ते सगळ्यांना माहीत आहे. रात्री ११ ला पार्किंगमध्ये कोण ताटल्या मांडतं?

*सी-१०४ काकू, १०:४५*
नाव घेऊन बोला. मी मांजरांना घालते आणि घालणार. मांजरं आहेत म्हणून उंदीर तरी कमी आहेत.

*बी-२०५, १०:४६*
कमी? माझी सेन्सरची वायर दोनदा गेलीय काकू. मांजरं भात टाकून जातात, उंदीर जेवतात.

*सी-१०४ काकू, १०:५०*
आणि सी विंगच्या कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही, ते चालतं? डिसेंबरपासून सांगतेय. मुक्या जिवाला घास घातला की लगेच डोळ्यांत येतं.

*सेक्रेटरी, १०:५२*
पेस्ट कंट्रोल मंगळवारी येणार आहे. झाकण आज आणतो, माझ्याकडून राहिलं. काकू, आपणही १५ मिनिटांत ताटल्या उचलाव्यात ही विनंती.

*बी-४०२, १०:५८*
काका, मग गॅसचे ४,४०० फुकट गेले का? त्या गॅरेजवाल्याने बॉनेटखाली नीट बघितलंसुद्धा नव्हतं. संध्याकाळी गेले होते, ऊनही नव्हतं, दारात गार लागलं म्हणून मी घेऊन आले.

*ए-३०४ काका, ११:०३*
दुसऱ्यांदा भरताना आधीचा गॅस काढून वजन केलं होतं का?

*बी-४०२, ११:०४*
नाही. मीटर लावलं आणि ‘अजून थोडा टाकतो’ म्हणाला.

*ए-३०४ काका, ११:१०*
मग आता जास्त झाला असणार. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा नव्हे, उलट प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. बॉनेटच्या आत स्टिकर आहे, गॅसचं नाव आर-१३४ए आणि तो किती ग्रॅम ते छापलेलं. आठवड्यात कधीही मशीन असलेल्या ठिकाणी जाऊ. सगळा गॅस काढून वजन करायला लावायचं, अर्धा तास तरी व्हॅक्यूम मारायचा म्हणजे आतली हवा आणि ओल निघते, मग स्टिकरवर आहे तेवढाच काट्यावर मोजून भरायचा. वजन कमी भरलं तर गळतीही शोधायची. मी सोबत येतो.

*बी-५०१, ११:१४*
माझ्याकडे गॅसचं मीटर पडून आहे, लागलं तर घ्या.

*ए-३०४ काका, ११:१५*
द्या की. आत्ताच लागेल.

*ए-१०१ नाना, ११:३०*
इंजिन चालू ठेवून गाड्या उभ्या करू नयेत ही पुन्हा एकदा विनंती.

*बी-४०२, ११:३१*
नाना, गाडी गेटबाहेर आहे.

*ए-१०१ नाना, ११:३३*
दिसतेय. उन्हात उभे आहात तिघं. ताक पाठवतोय खाली.

*बी-४०२, दुपारी १२:५०*
झालं! सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने वायर सोल्डर करून वर जाड स्लीव्ह घातली. पंखा एसीबरोबर लागतो. वीस मिनिटं एका जागी उभी ठेवली, गार. बी-५०१ दादांच्या मीटरवर प्रेशर जरा जास्तच दिसलं, म्हणून बुधवारी काकांबरोबर गॅस मोजायला जातेय. गाडीखाली पाणी ठिबकतंय, ते ठीक ना?

*ए-३०४ काका, १२:५३*
ते उत्तम. आतल्या गार कॉइलवर हवेतल्या ओलीचं पाणी होऊन ठिबकतं. आज उभ्या गाडीखाली थेंब पडले बघ.

*सी-२०३, १२:५५*
चावी तरी वॉचमनकडेच ठेवतो ताई. उद्या काही झालंच तर.

*बी-४०२, १२:५८*
ठेवा दादा. सकाळी ६:४५ ला निघतोय. बाबा आत्ताच पाच मिनिटं बसून आले, म्हणाले मागे गार लागतं, शाल घे.