दाढ काढायला जायच्या आधी काय काय तयारी करता? अनुभव लिहा

जाईजुई:
आईची खालची दाढ काढायची ठरलीये पुढच्या आठवड्यात. तिला बीपी आहे, शुगर आहे आणि इंजेक्शनची भीती आहे. घरातले सगळे "त्यात काय, अर्ध्या तासाचं काम" म्हणतायत, पण मला वाटतं खुर्चीत बसायच्या आधीची तयारीच जास्त महत्त्वाची, त्यातून वयस्कर माणसं डॉक्टरांनी विचारल्याशिवाय काही सांगत नाहीत. मी तिच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंच एका पिशवीत भरून ठेवलीयेत, डॉक्टरांसमोर पिशवी ओतायची म्हणजे काही राहायला नको. तुम्ही काय केलंत, आधी काय विचारून घेतलंत, मुलांचं असो की सरकारी दवाखान्यातलं, सगळं लिहा प्लीज.

सातारकर:
पिशवी न्याच. बाबांना स्टेंट टाकलेला, रक्त पातळ ठेवणाऱ्या क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही चालू. दात काढायचाय म्हटल्यावर सोसायटीतले एक काका म्हणाले पाच दिवस गोळ्या बंद ठेवा नाहीतर रक्त थांबत नाही, आणि बाबांना ते पटलंसुद्धा. मी हट्टाने त्यांना हार्टच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी सांगितलं एकही गोळी बंद करायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल, दाताचं रक्त दाबून धरलं की थांबतं. तशी चिठ्ठीच दिली लिहून. दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी बघून मुद्दाम सकाळची वेळ दिली, म्हणजे नंतर रक्त आलंच तर दवाखाना दिवसभर उघडा असतो, एका वेळी एकच दात काढला, टाके घातले, गॉज दाबून बसवून ठेवलं. रक्त नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ झिरपलं आणि थांबलं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट लागतो, तो आधीच करून न्या. गोळी बंद करायची की नाही हे ज्यांनी ती सुरू केली त्यांनाच विचारायचं, बाकी कुणाचं ऐकू नका.

निळी छत्री:
आईंना शुगर आहे ना, मग उपाशी नेऊ नका!! आमच्या सासूबाई ऑपरेशन आहे समजून काही न खाता गेल्या, तिथे बघितलं तर शुगर खाली आलेली, मग साखरपाणी देऊन घरी पाठवलं आणि दुसरी तारीख. नुसती जागा बधिर करणार असतील तर उपाशी राहायची गरज नसते. पूर्ण भूल किंवा झोपेचं औषध देणार असतील तरच, आणि ते मग किती तास ते सांगतात. रोजचा नाश्ता, रोजची गोळी आणि त्यानंतरची वेळ घ्या. नंतर दोनतीन तास तोंड बधिर राहतं, जेवण लांबतं, इन्सुलिन घेत असतील तर हे आधीच बोलून घ्या.

हापूसवेडी:
हाडांच्या ठिसूळपणासाठी काही चालू आहे का तेही बघा. आठवड्यातून एकदाची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन. रोजचं नसल्यामुळे बायका ते औषधांत धरतच नाहीत आणि पिशवीतही सापडत नाही. ते घेणाऱ्यांमध्ये दात काढल्यावर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, त्यामुळे डॉक्टरांना आधी कळायलाच हवं.

गोदाकाठ:
मुलांचं लिहिते. लेक पाच वर्षांची, दुधाच्या दाढेत मोठी कीड. आठवडाभर घरात सुई, टोचणं, रक्त हे शब्दच बंद केले, आजीलाही सांगून ठेवलं. "अजिबात दुखणार नाही" हेसुद्धा म्हणायचं नाही, कारण तोवर दुखणं तिच्या डोक्यातच नव्हतं. रोज रात्री चमच्याने दात मोजायचा खेळ केला, आडवं झोपून, तोंड मोठ्ठं उघडून, त्यामुळे तिथल्या खुर्चीत झोपायला तिला नवल वाटलं नाही. मुलांच्या डॉक्टरांनी फिरतं ब्रश आधी तिच्या नखावर चालवून दाखवलं, मग माझ्या नखावर, मग दातावर. झोप पूर्ण झालेली सकाळची वेळ मागून घ्या, दुपारी मुलं किरकिरी असतात. आणि घरी आल्यावर बधिरपणा जाईपर्यंत मूल नजरेआड करू नका, ओठ गंमत म्हणून चावत बसतात आणि मग सुजतो, शेजारच्या मुलाचं झालं तसं.

लोकलचा डबा:
मुंबईत नायर डेंटलला आईची कवळी केली. सकाळी लवकर पोचा, आधी केसपेपर, मग एक्सरे, मग विभाग. विद्यार्थी काम करतात आणि सर येऊन तपासतात, त्यामुळे वेळ लागतो, पण काम मन लावून करतात. अर्ध्या दिवसाच्या रजेत बसवू नका.

न्यू जर्सीची पुणेकर:
आमच्यासारखे सुट्टीत येऊन दात करून घेतात त्यांच्यासाठी. इम्प्लांटचा, म्हणजे कायमचा कृत्रिम दात बसवायचा, स्क्रू हाडात मुरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, तीन आठवड्यांच्या सुट्टीत सगळं बसत नाही, दोन फेऱ्यांचं गणित धरा. रूट कॅनल आणि कॅप होऊ शकतं, पण अपॉइंटमेंट आल्याआल्याच्या घ्या, लग्नकार्यं उरकल्यावर बघू म्हणाल तर कॅप बसवायची राहून जाते. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्सरे, आधी पाठवला तर डॉक्टर फोनवरच बऱ्यापैकी अंदाज देतात.

मिरजकर:
आई मिश्री लावतात का? राग मानू नका, आमच्याकडे आजी सगळ्यांसमोर नाहीच म्हणायची. मी बाहेर थांबले तेव्हा डॉक्टरांना तिने सांगितलं, मग त्यांनी गालाची आतली बाजू नीट बघितली, पांढरा चट्टा होता, तो तपासायला पाठवला. वेळेत कळलं. दाढ काढल्यावर जखम भरेपर्यंत मिश्री, तंबाखू, विडी काहीच नको. आणि जाईजुई, खालच्या दाढेला बधिर करतात तेव्हा त्या बाजूचा अर्धा ओठ, हनुवटी आणि जीभ सगळंच जड होतं. हे आईंना आदल्या दिवशीच सांगा, आजीला लकवा आला असं वाटून ती खुर्चीतून उठायलाच लागली होती.