कॅरोलाइन इंगल्सची वंशावळ करतेय, गाडी अडलीये, मदत हवी आहे

मंडळी, इथे अमेरिकेतल्या जुन्या नोंदी धुंडाळणारं कोणी आहे का? ‘लिटल हाऊस’ पुस्तकांची लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर, तिची आई कॅरोलाइन, तिची वंशावळ करतेय. प्रोजेक्ट मूळचा लेकीच्या शाळेचा, ती कधीच मोकळी झाली, मीच अडकून बसलेय.

जन्म १८३९, विस्कॉन्सिन, माहेरचं आडनाव क्वाइनर. जेमतेम सहाची होतेय तोवर वडील मिशिगन सरोवरात जहाज बुडून गेले, मग आईने होलब्रुक नावाच्या शेतकऱ्याशी दुसरं लग्न केलं. कॅरोलाइन लग्नाआधी शाळेत शिकवायची. १८६० मध्ये चार्ल्सशी लग्न झालं आणि खरा गुंता इथून पुढे, कारण दोन्ही घरांत चक्क साटंलोटं आहे, तेही तिहेरी! चार्ल्सच्या भावाला, पीटरला कॅरोलाइनची बहीण एलायझा दिलेली आणि चार्ल्सची बहीण पॉली कॅरोलाइनच्या भावाला, हेन्रीला. म्हणजे पीटरची पोरं लॉराला चुलतही आणि मावसही, पॉलीची आतेही आणि मामेही. सॉफ्टवेअरमध्ये तीच माणसं दोनदोनदा उमटतायत, काय करू?

दुसरं म्हणजे, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा, शेवटी डकोटातलं डी स्मेट, एवढी वणवण केली या बाईने. कॅन्ससमध्ये १८७० ला मुलगी कॅरी झाली ती जमीन तर ओसेज या मूळनिवासी लोकांची, यांच्या नावावर काहीच नाही. १८७६ ला नऊ महिन्यांचा मुलगा गेला, १८७९ ला थोरल्या लेकीचे, मेरीचे डोळे गेले. पण कागद काढावेत तर जिथे तिथे चार्ल्स! जनगणनेत बायकांपुढे ‘घर सांभाळते’ एवढंच लिहायची पद्धत, आणि १८९० ची जनगणना तर १९२१ च्या आगीपायी गेल्यातच जमा. डी स्मेटच्या होमस्टेड फाइलमध्ये (म्हणजे कसून राहण्याच्या अटीवर सरकारी जमीन मिळवल्याच्या कागदांत) तरी हिचा काही माग लागेल का? कोणी मागवलीये अशी फाइल?

प्रतिसाद:
फाइल नॅशनल आर्काइव्हजकडून, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागाराकडून मिळते, नक्की मागवा. १६० एकर नावावर करताना अर्जदाराचा आणि साक्षीदारांचा जबाब घ्यायचे, त्यात घर केवढं, किती जमीन नांगरली आणि कुटुंबात कोण कोण, हे सगळं विचारायचे. माहेरच्या बाजूसाठी १८५० ची जनगणना बघा, घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलेली ती पहिलीच, आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं असायचं. सावत्र वडिलांच्या आडनावानेही शोधा हं, पोरं बरेचदा त्याच नावाखाली सापडतात. सॉफ्टवेअरमध्ये माणूस नव्याने घालू नका, आधीचाच निवडून दुसऱ्या बाजूला जोडा. चार्टवर तरीही दोनदा दिसेल, ते चालतं.