टोकियो–मुंबई थेट विमान: जानेवारीत प्रत्यक्षात किती वेळ लागतो? मदत हवी आहे

आई-बाबा जानेवारीत नारिताहून थेट विमानाने मुंबईला परतणार आहेत. निघायची वेळ सकाळी ११:३०, पोहोचायची संध्याकाळी ६. साडेसहा तास वाटतात, पण जपान साडेतीन तास पुढे, म्हणजे खरे १० तास. जाताना मात्र आठच्या आसपासच लागतात.

अंतर मोजणाऱ्या साइट पाहून झाल्या. सरळ रेषेत ६,७०० किलोमीटरच्या आसपास, आणि त्याला ताशी ८०० ने भागून दोन्ही बाजूंना तोच साडेआठ तासांचा आकडा! हिवाळ्यात जपानवरून पश्चिमेकडून वाहणारा जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वारा) जोरात असतो, येताना तो समोरून येतो, याचा हिशोबच नाही. तिकिटावरच्या १० तासांत तो धरलेला असणारच, तरी कितपत पुरतो ते कळत नाही.

अडचण पुढची आहे. त्याच रात्री सीएसएमटीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूर गाठायचा बाबांचा हट्ट आहे. त्यांचे गुडघे दुखतात, व्हीलचेअर सांगितली आहे, चेक-इनच्या दोन बॅगा आहेत. बँकॉकमार्गे नको, मधे विमान बदलणं त्यांना झेपणार नाही. रात्रभर टॅक्सीचा प्रवासही नको.

डिसेंबर-जानेवारीत या मार्गाने आलेल्यांनी सांगावं: विमान दिलेल्या वेळेला उतरतं का, की अर्धा-पाऊण तास उशीर नेहमीचाच? आणि व्हीलचेअर असताना मुंबई विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) मधून बाहेर पडायला किती वेळ धरू? गाडी गाठता येईल, की मुंबईत मुक्कामच करायला लावू?