मासळी मिळेना, भाव उतरेना, छोट्या हॉटेलवाल्याने करायचं काय?

आठ_टेबलं:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. माझं आणि बायकोचं छोटं सीफूड हॉटेल आहे, आठच टेबलं, किचनमध्ये ती आणि एक मदतनीस, बाहेर मी आणि दोन मुलं. गेले तीन-चार महिने मासळीचं जे काही चाललंय त्याने माझी झोप उडाली आहे. आधी आठवड्यातून एखादा दिवस माल कमी यायचा, आता आठवड्यातून एखादा दिवस पुरेसा येतो. ज्या मोठ्या माशाच्या जोरावर आमचं नाव झालं त्याचा भाव दीडपट झालाय, कोळंबी त्याच्या मागोमाग चढतेय आणि खेकड्याचा तर मी भाव विचारायचंच सोडलंय.

मेन्यूवरचे भाव मी वाढवले नाहीत, हिंमतच झाली नाही. त्याऐवजी तुकडा लहान केला, 180 ग्रॅमचा 150 वर आणला, म्हटलं एवढं कोणाला कळतंय. गेल्या शनिवारी आमचे एक जुने गिऱ्हाईक आले, वयस्कर गृहस्थ आहेत, दर शनिवारी तेच टेबल आणि तोच पदार्थ. ताट समोर आल्यावर त्यांनी काट्याने तुकडा उलटा करून बघितला, परत सरळ ठेवला, खाल्लं, बिल दिलं आणि गेले. एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांचं ते उलटून बघणं काही केल्या डोळ्यासमोरून जात नाही.

आता विचारायचं ते असं, भाव वाढवू, तुकडा असाच लहान ठेवू, की तो पदार्थच काढून टाकू? फ्रोझनवर जावं का? एका ओळखीच्याने तर सांगितलं की स्वस्तातला पांढरा मासा घे, मसाला लावल्यावर कोणाला कळत नाही, नाव तेच ठेव. मला ते पटत नाही पण खरं सांगतो, महिनाअखेरीला मुलांचे पगार काढताना तोही विचार डोक्यात येऊन गेला. आणि हे किती दिवस चालणार, कोणी सांगू शकेल का?

तवा_गरम:

दादा, शेवटचं आधी. नाव एक आणि मासा दुसरा हे करू नका, कितीही ओढाताण झाली तरी. फसवणूक तर आहेच पण त्याच्याही पुढची गोष्ट आहे. एस्कोलार नावाचा एक मासा आहे, पांढराशुभ्र, लोण्यासारखा लागतो, जगभर कितीतरी ठिकाणी तो दुसऱ्या महागड्या माशाच्या नावाने खपवला गेलाय. त्याच्यात मेणासारखं तेल असतं जे माणसाला पचत नाही, जास्त खाल्लं की पोट धरून बसायची वेळ येते, जपानमध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आहे. खेकड्याच्या नावाखाली जे नकली खेकड्याचं मांस मिळतं ते माशाच्या लगद्याचं असतं, त्यात अंड्याचा पांढरा भाग आणि बऱ्याचदा गव्हाचा स्टार्च पण असतो. अंड्याची ॲलर्जी असलेलं एखादं पोर ते विश्वासाने खाणार, मग काय करणार आपण?

आता हिशेब. मी 19 वर्षं किचनमध्ये आहे आणि सगळ्यात जास्त चूक मी इथेच होताना बघितली आहे. आपण भाव बघतो अख्ख्या माशाचा, किलोचा, आणि विकतो साफ केलेलं मांस, ग्रॅमवर. डोकं, काटे, खवले, पोटातलं सगळं गेल्यावर साधारण 40 ते 50 टक्के हातात राहतं, खेकड्यात तर किलोमागे पाव किलोभर मांस निघालं तरी नशीब. समजा मासा 100 ला किलो होता (आकडे नुसते हिशेबापुरते धरा) आणि 45 टक्के मांस निघतं, तर ते मांस तुम्हाला 222 ला किलो पडलं, म्हणजे 180 ग्रॅमच्या प्लेटला 40. तोच मासा 150 झाला की मांस 333, प्लेटला 60. तुम्ही तुकडा 150 ग्रॅमवर आणलात तरी 50 लागतातच, म्हणजे गिऱ्हाईक पण दुखावलं आणि खड्डा अर्धाच भरला.

आणि भाव वाढवायला घाबरता कारण तुम्ही टक्क्यात विचार करताय. प्लेट 125 ला विकत होतात, मासा 40 चा, म्हणजे 32 टक्के. आता मासा 60 चा झाला आणि 32 टक्केच धरायचे म्हटले तर प्लेट 187 च्या वर जाते, ते कोण देणार? पण तुमचं भाडं, गॅस, पगार हे मासा महागला म्हणून वाढलेले नाहीत ना. आधी प्लेटमागे 85 उरत होते, आताही 85 उरले तर घर चालतं. मग प्लेट 145. दीडपट महाग झालेल्या माशाला प्लेटवर फक्त 16 टक्के वाढ. टक्क्यांमागे धावून स्वतःचाच उत्तम चाललेला पदार्थ लोकांनी मारलेला मी बघितलाय. टक्केवारी वाईट दिसेल, दिसू दे. फक्त माल वाया जात असेल तर तो यात वेगळा धरा, कारण महाग मासा टाकून द्यावा लागला की पाच-सहा प्लेटचं उरलेलं त्यात जातं.

तुकडा परत 180 करा. त्या आजोबांसाठी तरी करा.

बंदरावरचा:

मी लिलावाच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. हॉटेलवाल्यांना नेहमी वाटतं की मधल्यामधे कोणीतरी खातंय. कधी खातातही, नाही म्हणत नाही. पण बोट समुद्रात गेली की डिझेल, बर्फ, माणसं, खाणंपिणं याचा खर्च ठरलेला असतो, दहा टोपल्या आल्या तरी तेवढाच आणि दोन आल्या तरी तेवढाच. दोन टोपल्यांवर दहाचा खर्च बसला की भाव चढणारच. काही बोटी तर जातच नाहीत, बांधून ठेवणं परवडतं, मग माल अजून कमी. त्यात मोठे खरेदीदार, प्रोसेसिंगवाले, बाहेर पाठवणारे, यांचं आधीच ठरलेलं असतं, त्यांची उचल झाल्यावर जे उरतं त्यावर रोज दहा-पंधरा किलो घेणारे तुमच्यासारखे तुटून पडतात. थोडा घेणारा, रोज घेणारा आणि आजच हवा असणारा, हे तिन्ही तुम्हीच, म्हणून सगळ्यात जास्त भाव तुमच्याच वाट्याला येतो.

किती दिवस चालणार हे मासा का कमी झालाय त्यावर आहे. वारं-पाऊस असेल, विणीच्या हंगामाची बंदी असेल तर काही आठवडे, ते सगळ्यांनाच माहीत असतं. पण समुद्रच बदलला असेल तर हिशेब वेगळा. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात 2018-19 ला पाणी इतकं तापलं की पुढच्या दोन-तीन वर्षांत 1000 कोटींहून जास्त स्नो क्रॅब नाहीसे झाले. गरम पाण्यात खेकड्याला जास्त खायला लागतं आणि खायला नव्हतं, उपासमारीने गेले असं शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये मांडलं. 2022 ला तिथला हंगामच रद्द झाला, पुढच्या वर्षीही रद्द, 2024 ला थोड्याशा कोट्यावर उघडला. आणि जिथे माणसाने ओरबाडून संपवलं तिथे तर विचारू नका, कॅनडात न्यूफाउंडलंडला जुलै 1992 मध्ये कॉड माशाची मासेमारी बंद केली, दोन वर्षांत माल परत येईल असं तेव्हा वाटत होतं, ती बंदी उठायला 2024 उजाडलं. 32 वर्षं! हजारो माणसांची कामं गेली, गावंच्या गावं रिकामी झाली.

शेतीचा मासा, म्हणजे तळ्यातला किंवा पिंजऱ्यातला, हा उपाय आहेच, 2022 मध्ये जगात पहिल्यांदा असं झालं की जलचर प्राण्यांचं उत्पादन पकडीपेक्षा शेतीतून जास्त निघालं. पण तोही समुद्रापासून सुटलेला नाही. 2023 ला एल निनोमुळे पेरू देशाने अँकोवी या छोट्या माशाचा वर्षातला पहिला हंगाम रद्द केला, ती अँकोवी म्हणजे फिशमील, माशाची पूड, फिशमील म्हणजे पिंजऱ्यातल्या माशाचं खाद्य. खाद्य महागलं की तो मासाही चढतो, फक्त थोडा उशिरा.

एक विनंती. टंचाईत लहान लहान मासा बाजारात यायला लागतो, स्वस्त दिसतो, तो घेऊ नका. साफ करायला दुप्पट वेळ, मांस कमी, आणि ज्याने अजून एकदाही अंडी घातली नाहीत असं पिल्लू आपण खाऊन टाकतो. पुढच्या वर्षीची टंचाई आपणच विकत घेतल्यासारखं आहे हे.

जेवणारी_बाई:

मी हॉटेलवाली नाही, नुसती जेवणारी आहे, पण राहवलं नाही म्हणून लिहितेय. आम्ही भाव वाढल्याने हॉटेल सोडत नाही हो, आम्हाला मूर्ख समजलं असं वाटलं की सोडतो. आम्ही जायचो त्या एका हॉटेलात दारातच फळा लावायला लागले, आज काय आलंय आणि काय आलेलं नाही. पहिल्या दिवशी आमचं नेहमीचं नव्हतं म्हणून जरा हिरमोड झाला, पण वेटरने सांगितलं की आजचा मासा वेगळा आहे, काटे जास्त आहेत, चव छान आहे, आम्ही घेतला आणि आता घरातली मुलं तोच मागतात. तुम्ही त्या काकांना सरळ सांगा की तुकडा लहान केला होता, चुकलं. ते येतील परत.

शटर_खाली:

माझं हॉटेल दोन वर्षांपूर्वी बंद झालं, याच कारणाने, म्हणून फ्रोझनबद्दल लिहितो. फ्रोझन वाईट नसतं, बोटीवरच नीट गोठवलेला मासा तीन दिवस बर्फात लोळलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा चांगला असतो हे माझं मत आहे. पण वजन बघून घ्या. कोळंबीवर बर्फाचा पातळ थर देतात, त्याला ग्लेझ म्हणतात, तो लागतोच नाहीतर माल सुकतो, पण किती द्यायचा याला मर्यादा असते. टंचाईच्या दिवसांत मला एका व्यापाऱ्याने स्वस्तात खोकी दिली. मी खूश. एकदा बायको म्हणाली बर्फ सुटल्यावर वजन कर, तर एक किलोच्या पाकिटात साडेसहाशे ग्रॅमच कोळंबी, बाकी पाणी. त्यातही कोळंबी पाणी धरून ठेवणाऱ्या फॉस्फेटमध्ये भिजवलेली असावी, तव्यावर टाकली की तळायच्या ऐवजी उकळायलाच लागायची, फेस यायचा. आठ महिने मी बर्फाचे पैसे कोळंबीच्या भावाने दिले होते! नवीन माल घेताना एक पाकीट चाळणीत सोडवा, निथळू द्या, वजन करा, आणि तो आकडा किलोच्या भावात धरा.

आणि दुसरी चूक सांगतो, तिचं जास्त वाईट वाटतं. मी सगळा तोटा स्वतःजवळ ठेवला, किचनमधल्या पोरांना शेवटच्या आठवड्यात सांगितलं. त्यातला एकजण म्हणाला, शेठ आधी बोलला असता तर आपण मंगळवार-बुधवार बंद ठेवला असता, मेन्यू अर्धा केला असता. बरोबर होतं त्याचं. मेन्यूतले तीस पदार्थ म्हणजे तीस पदार्थांचा माल रोज फ्रीजमध्ये, आणि महाग माल फ्रीजमध्ये एक दिवस जास्त राहिला की तो आपलाच जीव खातो. तुमच्या मुलांना आजच बसवून सांगा.

आठ_टेबलं:

सगळ्यांचे मनापासून आभार, तवा_गरम दादा तुमचा हिशेब बायकोने कागदावर उतरवून मसाल्याच्या कपाटाच्या दाराला चिकटवलाय. काल सकाळी आलेला मासा आम्ही साफ करायच्या आधी आणि नंतर वजन केला. मी गेली सहा वर्षं 50 टक्के धरून चाललो होतो, निघाले 43. म्हणजे भाव चढायच्या आधीपासूनच प्लेटमागे थोडं थोडं जात होतं आणि मला पत्ता नव्हता. हे वाचून कोणाला साधं वाटेल पण मी ते दोन आकडे बघून बराच वेळ वजनकाट्यासमोर उभा होतो.

मुलांशी बोललो. मोठा म्हणाला सोमवार बंद ठेवू, तसाही गल्ला रिकामाच असतो. 26 पदार्थांचे 11 केले. डोकी आणि काटे इतके दिवस टाकायचो, आता त्याचं सूप बायको करते, पहिल्या दिवशी सात वाट्या गेल्या. फळा आणलाय, अक्षर मुलाचं आहे कारण माझं कोणाला वाचता येत नाही. तुकडा परत 180.

तवा_गरम:

43 कापणाऱ्याच्या हातावर पण असतं हं, सुरीला धार लावा आणि पाठीच्या काट्याला लागून किती मांस राहतंय ते बघा. दोन-तीन टक्के तिथेच सापडतील. आणि ते गृहस्थ आले का?

आठ_टेबलं:

आले, काल शनिवार होता ना. त्यांचा नेहमीचा मासा मिळालाच नव्हता, फळ्यावर लिहिलं होतं ‘आज आलेला नाही’. मी टेबलापाशी जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या, मागच्या वेळचं लहान तुकड्याचं पण. ते म्हणाले, मला वाटलं माझ्याच डोळ्यांना लहान दिसतोय. मग विचारलं आज काय चांगलं आहे, मी सांगितलं ते घेतलं, आणि सूपपण मागवलं.