'जबाबदारी', 'उत्तरदायित्व' की 'जाब'?

पोलिसांची मारहाण, कोठडीतले मृत्यू आणि त्यांबद्दल दाद कशी मागायची, यावरच्या एका पुस्तिकेचं मराठी करते आहे. 'अकाउंटेबिलिटी'पाशी अडले. पहिल्या खर्ड्यात 'पोलिसांची जबाबदारी' लिहिलं होतं. मैत्रिणीने वाचलं आणि तिला वाटलं, हे प्रकरण गस्त, बंदोबस्त, तपास अशा कामांविषयी आहे. 'उत्तरदायित्व' अर्थाला बरोबर बसतो, पण ज्याचा मुलगा कोठडीतून सुजलेल्या पायांनी घरी आला, तो बाप हा शब्द कधी उच्चारेल का? 'जबाबदेही' हिंदीतून येऊ लागलाय, तो मला परका वाटतो.

आणि 'ब्रुटॅलिटी'? 'पोलिसी अत्याचार' म्हटलं की हल्लीच्या बातम्यांच्या भाषेमुळे मनात आधी लैंगिक अत्याचारच येतो.

*

ताई, 'जबाबदारी' मुळात तुम्हाला हवा तोच शब्द होता. ज्याने जबाब द्यायचा, म्हणजे उत्तर द्यायचं, तो जबाबदार. वापरून वापरून त्यातलं उत्तर झिजलं आणि नुसतं काम उरलं. तेच उत्तर 'जाब'मध्ये मात्र अजून धगधगतं आहे. जाब विचारतात, जाब द्यावा लागतो. आपण होऊन कुणी जाब देत नाही, समोर विचारणारा लागतो. 'उत्तरदायित्वा'त हा विचारणारा दिसतच नाही.

आणखी एक पाहा. पोलीस ठाण्यात 'जबाब' नोंदवला जातो तो नेहमी आपला. विचारणारे ते, उत्तर देणारे आपण. 'पोलिसांना जाब विचारणे' म्हणताच ही दिशा उलटते, आणि तुमच्या पुस्तिकेचा विषय नेमका तोच आहे. कायद्याच्या कलमांची भाषा येईल तिथे 'उत्तरदायित्व' ठेवा, मथळ्यात 'जाब'च हवा.

'ब्रुटॅलिटी'साठी एकच शब्द शोधू नका. जे घडलं ते लिहा: अमानुष मारहाण, कोठडीतला छळ, बेछूट गोळीबार. 'दडपशाही' मोर्चे आणि आंदोलनं चिरडण्याला शोभतो, बंद खोलीतल्या पट्ट्याला नाही.

*

शब्दांइतकीच क्रियापदंही तपासा. 'पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की खटकतही नाही. 'करावा लागला' म्हटलं की नाइलाज होता हे वाक्यानेच मान्य करून टाकलं, चौकशीच्या आधीच. 'सौम्य' कुणी ठरवलं? ज्याच्या डोक्याला टाके पडले त्याने नक्कीच नाही. 'गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला' यात तर गोळी झाडणारा कुठेच नाही. कर्ता लिहा: 'पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दोघे ठार झाले.'

हे आपल्याच भाषेत होतं असं नाही. 25 मे 2020 रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये पोलिसांनी पकडलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनाचा मथळा साधारण असा होता: पोलिसांशी संबंध आला असताना प्रकृती बिघडून इसमाचा मृत्यू. एका पोलीस अधिकाऱ्याने त्यांच्या मानेवर गुडघा दाबून धरला होता, त्याचा उल्लेखच नव्हता. रस्त्यावरच्या एका मुलीने मोबाइलवर चित्रण केलं होतं म्हणून ते निवेदन टिकलं नाही. तो गुडघा 9 मिनिटं 29 सेकंद तसाच होता, हे खटल्यात पुढे आलं, आणि एप्रिल 2021 मध्ये तो अधिकारी खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरला.

*

मी बरीच वर्षं बातम्या लिहिल्या. 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला' हे वाक्य माझ्या हातूनही गेलंय आणि आज त्याची लाज वाटते. 'चौदावं रत्न दाखवलं', 'पाहुणचार केला', 'प्रसाद दिला' ही सगळी मारहाणीचीच नावं. वाचणारा हसतो आणि खोलीत काय झालं ते विचारायचं राहून जातं. 'थर्ड डिग्री'चं तेच, जणू तपासाची एखादी पद्धतच.

संयुक्त राष्ट्रांच्या 1984 च्या छळविरोधी करारात छळाची व्याख्या आहे. कबुली किंवा माहिती मिळवण्यासाठी, शिक्षा म्हणून किंवा धाक घालण्यासाठी, सरकारी अधिकाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या संमतीने हेतुपुरस्सर दिलेली तीव्र शारीरिक वा मानसिक वेदना. 'खाक्या'च्या बातमीत यातलं काय कमी असतं? युद्ध, आणीबाणी किंवा वरिष्ठांचा हुकूम ही सबब चालणार नाही, असंही तो करार सांगतो. म्हणून ताई, 'यातना' नको, 'छळ'च लिहा. यातना भोगणाऱ्याच्या असतात, छळ म्हटलं की करणारा समोर येतो.

जाता जाता: 'निलंबन' ही शिक्षा नव्हे, ती चौकशी होईपर्यंतची व्यवस्था. 'बडतर्फी' वेगळी. खातेनिहाय चौकशी म्हणजे गुन्ह्याचा तपास नव्हे. पुस्तिकेत हे गल्लत होऊ न देता लिहा, नाहीतर निलंबनाची बातमी वाचून घरचे लोक न्याय मिळाला समजून तक्रार सोडून देतात.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. मथळा ठरला: 'पोलिसांना जाब कसा विचारायचा?' 'सौम्य' सगळीकडून काढला.

तुमचं वाचून आणखी एक वाक्य खटकलं. 'पोलिसांनी त्याला मारलं' असं मी पाच ठिकाणी लिहिलं होतं. मराठीत 'मारलं' म्हणजे चोपही आणि ठारही. दोन ठिकाणी माणूस जिवंत आहे, तीन ठिकाणी नाही. त्या तिन्ही जागी आता 'पोलिसांनी केलेल्या मारहाणीत त्याचा जीव गेला' असं केलं आहे.