मदत हवी आहे: एचईसी-एचएमएस उघडलं, पण पाऊस पाणलोटाला जोडायचा कुठं?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. सेलूकडच्या एका नाल्याचा पूर-विसर्ग काढायचाय, नाला पुढं दुधनेला मिळतो. पाणलोट साधारण 18 चौ.किमी., बहुतेक काळी जमीन. कर्व्ह नंबरनं (जमिनीवरून किती पाणी वाहून जाईल ते ठरवणारा आकडा) अपधाव, किर्पिचच्या सूत्रानं संकेंद्रण काळ (पाणलोटाच्या टोकाचं पाणी मुखाशी यायला लागणारा वेळ), हे वहीवर जमतं. आता साहेब म्हणतात एचईसी-एचएमएस या पावसावरून पूर काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवा. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं आहे, फुकट मिळतं, म्हणून लगेच उतरवून घेतलं. मागं एका प्रशिक्षणाला बसलो होतो, तिथं तयार मॉडेल पडद्यावर फिरवून दाखवलं अन् चहा आला.

आत्तापर्यंत मेट्रिक एककांत नवा प्रोजेक्ट केला, बेसिन मॉडेल केलं, नकाशावर एक सबबेसिन (म्हणजे आपला पाणलोट) अन् एक सिंक (पाणी शेवटी जातं ते टोक) टाकून जोडलं. कर्व्ह नंबर 86 भरला. प्रेसिपिटेशन गेज करून मंडळाचा रोजचा पाऊसही भरला. पण हा पाऊस याच सबबेसिनवर पडायचा, हे सांगायचं कुठं? कंप्युटचं बटण तर फिकटच दाखवायलंय. आणि लॅग टाइमच्या (पावसाच्या मध्यापासून पुराच्या शिगेपर्यंतचा वेळ) चौकटीत तास भरायचे की मिनिटं? व्हिडिओ बघितले, पण बोलणारा इतका पटापट क्लिक करतो की माउस कुठं गेला तेच कळत नाही.

पाटकरी

भाऊ, मेनू सोडा, आधी डावी बाजू बघा. वरच्या खणात झाड दिसतं, त्याखाली कॉम्पोनंट्स, कंप्युट, रिझल्ट्स असे तीन टॅब. झाडात ज्यावर क्लिक कराल त्याचा फॉर्म खालच्या खणात उघडतो. एवढं हाताला बसलं की निम्मं काम झालं. तळाच्या पट्टीत संदेश येतात, ते वाचायची सवय लावा. लोक नकाशाकडंच बघत बसतात अन् एरर खाली पडलेला असतो.

तुमच्याकडं दोन गोष्टी राहिल्यात. पहिली मीटिऑरॉलॉजिक मॉडेल. ते तयार करून पावसाची पद्धत ‘स्पेसिफाइड हायटोग्राफ’ (हायटोग्राफ म्हणजे वेळेनुसार पावसाचा आलेख) ठेवा, बेसिन्स टॅबमध्ये तुमच्या बेसिन मॉडेलपुढं ‘येस’ करा. मग झाडात त्या मॉडेलच्या पोटात हायटोग्राफची ओळ दिसेल. तिच्यावर क्लिक केलं की सबबेसिनपुढं गेज निवडायची जागा येते. तुम्ही शोधताय ती हीच. दुसरी कंट्रोल स्पेसिफिकेशन्स: सुरुवात, शेवट आणि कालांतर (किती मिनिटांच्या टप्प्यानं गणित करायचं ते). तारीख 01Jul2024 अशा धाटणीत सलग लिहायची, आणि गेजमधला पाऊस हा सगळा काळ झाकणारा हवा.

त्यानंतर कंप्युट मेनूतून सिम्युलेशन रन तयार करा, तो बेसिन, मीटिऑरॉलॉजिक अन् कंट्रोल ही तिन्ही विचारतो. रन झाला तरी वरच्या पट्टीतल्या यादीत तो निवडल्याशिवाय बटण जागं होत नाही.

लॅग मिनिटांतच. आणि लॅग म्हणजे संकेंद्रण काळ नव्हे, त्याच्या 0.6 पट. किर्पिचनं अडीच तास आले असतील तर 90 भरा. कालांतर लॅगच्या 29 टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे इथं 15 मिनिटं चालतील, 30 नाही.

काळी_रान

वरचं सगळं बरोबर, एक भर घालतो. इनिशियल ॲबस्ट्रॅक्शनची (पाणी वाहायला लागण्याआधीच जिरणारा पाऊस) चौकट रिकामी सोडली की प्रोग्रॅम आपल्या मनानं 0.2 एस धरतो; एस म्हणजे जमीन जास्तीत जास्त किती पाणी धरते ते. तुमच्या 86 ला एस येतो 41 मिमी, म्हणजे पहिले 8 मिमी गेले. आपल्याकडच्या हस्तपुस्तिकेत काळ्या जमिनीला, माती आधीच ओली असताना, 0.1 एस धरतात. तेव्हा हातानं 4 भरा. मोठ्या पावसात फार फरक पडत नाही, पण वहीशी ताळा करताना आकडे जुळणार नाहीत अन् दोष सॉफ्टवेअरला जाईल.

दुधनाकाठ

आभार दोघांचे! रन झाला, आलेखही आला. पण विसर्ग फारच किरकोळ दिसतोय. आकार तर टेबलासारखा, वर सपाट. 96 मिमीचा दिवस घेतला होता.

पाटकरी

मग तसाच येणार. रोजचा पाऊस दिलात म्हणून प्रोग्रॅमनं 96 मिमी चोवीस तासांवर सारखे वाटले, तासाला 4 मिमी. आपल्याकडं असा भुरभुर पाऊस पडून नाल्याला पूर येतो का? सप्टेंबरातला वळवासारखा दोन-तीन तासांत ओतून जातो. एवढ्या लहान पाणलोटाला तासावार पाऊस लागतोच. जवळच्या स्वयंचलित केंद्राची नोंद मिळाली तर उत्तम. नाहीतर केंद्रीय जल आयोगाच्या उपविभागवार पूर-अंदाज अहवालांत 24 तासांच्या पावसावरून कमी कालावधीचा पाऊस काढायची गुणोत्तरं असतात, ती वापरा. शिवाय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ला संपतो, प्रोग्रॅमचा मध्यरात्री. गेजच्या टेबलात भरताना तेवढं सरकवून घ्या.

नवा आलेख आला की इथंच टाका, कर्व्ह नंबरही एकदा बघून घेऊ.