मदत हवी आहे: रोजची यादी आणि साइटवार नियोजन यांचा मेळ कसा घालायचा?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमध्ये फ्लॅटच्या नूतनीकरणाची कामं घेतो. सध्या तीन साइट एकदम चालू आहेत. रोज सकाळी चहा घेताना डायरीत दिवसाची कामं लिहितो, प्रत्येकापुढे अ, ब, क टाकतो. 'अ' संपल्याशिवाय 'ब'ला हात लावायचा नाही. ही सवय मला सोडायची नाही. शिवाय प्रत्येक साइटचं एक्सेल शीट आहे: तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, रंग.

अडचण या दोन्हींच्या मध्ये आहे. गेल्या आठवड्यात एका बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं, गळती तपासायला 48 तास पाणी भरून ठेवलं. त्या दोन दिवसांत तिथे माझं काहीच काम नव्हतं, म्हणून डायरीत त्या साइटचं नावच आलं नाही. तिसऱ्या दिवशी टाइल मिस्त्री दारात उभा, आणि टाइल्सची ऑर्डरच दिलेली नाही! शीटमध्ये ती ओळ होती, पण शीट उघडलंच नव्हतं. त्याचा रोज बुडाला, फार वाईट वाटलं.

सगळं शीट डायरीत उतरवलं तर यादी चाळीसवर जाते, मग अ-ब-कला काय अर्थ? रविवारी बसून प्रत्येक साइटचं फक्त पुढचं एक काम उचलावं, असं वाटतंय. पण नुसती वाट बघायची कामं, म्हणजे माल येणं, सोसायटीची परवानगी, ती कुठे लिहायची? तारखेसकट वेगळं पान ठेवता का कुणी? आणि कालचं राहिलेलं 'ब' आज 'अ' करता का?

कागदावर चालणारी पद्धत असेल तर उत्तम. साइटवर हात सिमेंटचे असतात. डायरीच्या पानाचा फोटो टाकलात तरी चालेल.